नऊ नंबरचं औषध

डोंबिवली पश्चिम,
१२ जानेवारी १९८६

ती. अप्पांच्या चरणी सौ. सुमेधाचा सा. न. वि. वि.

लग्नाला चार दिवस झाले असतील. मी चहा घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत आले होते आणि तुम्ही बाटल्या विसळता विसळता, मान वर न करता मला म्हणाला होतात, की मुली, औषध डॉक्टरचं असतं पण हात आपला असतो. त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हा मी नुसती हसले होते. आता रोज सकाळी शटर वर करताना ते वाक्य आठवतं आणि हसू येत नाही.

मोतीबिंदू काढलेला तुमचा डोळा कसा आहे? पत्र शालूवन्सं वाचून दाखवणार, त्यामुळे त्यांच्याबद्दल चांगलंच लिहिणं भाग आहे. त्यांच्या हातची खिमटी तुम्हाला आवडते असं ऐकलं. आमच्याकडे वीस वर्षांत तुम्ही एकदाही खिमटी मागितली नाहीत, हे मी लक्षात ठेवलं आहे.

ठाणं काही परमुलूख नाही. पण मी दुकानातून हलले की कायद्याप्रमाणे शटर खाली ओढावं लागतं. रविवारी यावं तर तुमचाच निरोप, की पट्टी सुटेपर्यंत कुणी तोंड पाहायला येऊ नये. समोरच्या वाण्याकडे फोन आहे, पण तिथे उभं राहून दुकानाच्या गोष्टी बोलायच्या नाहीत. म्हणून पत्र.

आता कामाचं. परवा औषध निरीक्षक येऊन गेले. तरुण आहेत, बोलायला नम्र आहेत. आपलं लायसन, माझं फार्मासिस्टचं नोंदणीपत्र, सगळं पाहिलं. मग मागच्या खोलीत गेले आणि त्या बारा मोठ्या बाटल्यांसमोर उभे राहिले. प्रत्येकीवर नुसता आकडा. त्यांनी विचारलं, की यात काय आहे. मी सांगितलं, की वर दवाखाना असलेले खारकर डॉक्टर चिठ्ठीवर रोग्याचं नाव, वय आणि एक आकडा लिहितात, आणि त्या आकड्याचं मिश्रण आम्ही देतो, तीस वर्षं असंच चाललं आहे. ते म्हणाले, की तीस वर्षांचं मी विचारत नाही, पण आज सही तुमची आहे, तेव्हा आत काय आहे ते तुम्ही सांगा.

अकरा बाटल्यांचं मी सांगितलं. गेल्या सोळा महिन्यांत तुमच्याशेजारी उभी राहून शिकले आहे. नवव्या बाटलीपाशी अडले. नऊ नंबर, लहान मुलांच्या हगवणीचं, तुम्ही नेहमी मी घरी जेवायला गेल्यावर केलंत. त्यांनी फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत दिली आहे. प्रत्येक बाटलीवर आत काय आणि किती, पूर्ण नावानिशी लिहायचं आणि खाली माझी सही. नाही तर मिश्रणं बंद.

तुम्ही भरून ठेवलेलं नऊ नंबर आणखी आठवडाभर पुरेल. तेवढ्यात कृती कळवा.

तुमच्या चिरंजिवांची, उत्तमची, या आठवड्यात कंपनीत सकाळची पाळी आहे, प्रकृती बरी आहे. माझ्यावरचा तुमचा लोभ पूर्वीइतकाच ठेवा, खिमटीची जास्त मागणी नाही.

तुमची,
सुमेधा


नौपाडा, ठाणे,
१७ जानेवारी १९८६

चि. सौ. सुमेधास अप्पांचे अनेक आशीर्वाद.

मी सांगतो आहे आणि शालू लिहिते आहे, तेव्हा शुद्धलेखनाची जबाबदारी तिची. (वहिनी, हे पहिलं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. - शालू)

पट्टी अजून आठ दिवस आहे. वाकायचं नाही, खोकायचं नाही, जड उचलायचं नाही. म्हणजे मला माणूस म्हणून काही कामच उरलं नाही. रेडिओ ऐकतो. (आणि खिडकीखालून जाणाऱ्याच्या खोकल्यावरून कुणाला काय झालंय ते सांगतात. काल भाजीवाल्याला दोन औषधं सुचवली.)

चार नंबरला पाणी उकळून पूर्ण गार झाल्याशिवाय घालू नकोस, नाही तर वास उडतो. सहा नंबर हलवल्याशिवाय द्यायचं नाही आणि घेणाऱ्यालाही हलवायला सांगायचं, लोक विसरतात. डोसाची कागदी पट्टी खळीने चिकटव. तो नवा डिंक ओलसर हाताने सुटतो आणि मग माणूस अंदाजाने पितो. बुचं उन्हात वाळवली का?

निरीक्षकांशी नीट बोललीस ते चांगलं केलंस. सरकारी माणसाला बसायला खुर्ची द्यावी आणि पाणी द्यावं. चहा देऊ नये, त्याला संकोच होतो.

(इथे मी विचारलं, की नऊ नंबरचं काय लिहू. तर म्हणाले, की ते मी आल्यावर बघीन, पुढे लिही.)

खारकर डॉक्टरांना माझा नमस्कार सांग. त्यांचा मनुष्य दौलत चिठ्ठ्या घेऊन येतो, त्याच्याबरोबर माझी खुशाली त्यांना वर कळवत जा, म्हणजे मला बरं वाटेल. उत्तमला आशीर्वाद. तुझी माया आहेच, ती शब्दांत काय मागायची.

अप्पा
(बकलम शालू. वहिनी, खिमटीचं खरं सांगते, ते ती खात नाहीत, नुसती ढवळतात.)


डोंबिवली पश्चिम,
२३ जानेवारी १९८६

ती. अप्पांना सा. न. वि. वि.

बुचं वाळवली. खळ केली. खुर्ची आणि पाणी दोन्ही दिलं होतं.

नऊ नंबर संपलं. शेवटचे तीन डोस कोपरच्या मालूच्या नातवाला दिले. खाडीजवळची पाण्याची लाइन फुटली आहे आणि तिकडे घरटी एक मूल आजारी आहे. मालूला मी औषध कसं द्यायचं ते समजावत होते, तर तिने मला मध्येच थांबवलं. म्हणाली, की म्हातारा अप्पा पयले पेज पाजाला सांगतं, मीठ घालून, वाटी वाटी, आणि मंग औषध. ते सांगायचं तू विसरलीस. मी तिला म्हटलं, की बरोबर आहे, विसरले. पेजेचं मला माहीत नव्हतं, हे तिला सांगितलं नाही.

तुम्ही आल्यावर बघू म्हणालात, पण तुम्ही येणार महिन्याने आणि मुलं आजारी आहेत आज. म्हणून मी वरचं कपाट उघडलं. रागावू नका. तिथे तुमची जुनी वही सापडली. बाराही कृती डॉक्टरांच्या अक्षरात आहेत, नऊ नंबरवर तारीख १९६१ ची. खडूची पूड, काताचा अर्क, दालचिनीचं पाणी, आणि अफूचा अर्क.

अप्पा, मी ती ओळ दोनदा वाचली. लहान मुलांना अफू. एक काळ होता तेव्हा देत असत, आम्हाला कॉलेजात शिकवलंही होतं, आणि त्याच तासाला सरांनी सांगितलं होतं की यात तान्ह्या मुलाचा श्वास मंदावतो. आता तर नोव्हेंबरपासून अफूचा कायदाही कडक झाला आहे.

मग मी विषारी औषधांची नोंदवही काढली. तिच्यात अफूचा अर्क आणल्याची शेवटची नोंद जुलै १९६७ ची आहे, तुमच्या हातची. त्यानंतर एक थेंबही नाही. म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षं नऊ नंबरमध्ये वहीत लिहिलेलं ते औषध नाही. मग काय आहे?

आज सकाळी डॉक्टरांची चिठ्ठी आली: मुलगा, दोन वर्षं, नं. ९. मी ती परत पाठवली आणि दौलतला म्हटलं, की डॉक्टरांना विनंती कर, औषधाची नावं लिहून द्या. दौलत पाच मिनिटांनी उतरला तो भिंतीकडे बघत. डॉक्टरांनी त्याला सांगायला सांगितलं होतं, की नोंदणी झाली म्हणजे डॉक्टरकी आली असं समजू नये, आणि नऊ नंबर काय ते हरिहरला विचारावं.

म्हणून तुम्हाला विचारते.

तुमच्या लोभात कमी पडू देऊ नका. कपाट उघडलं म्हणूनसुद्धा.

सुमेधा


नौपाडा, ठाणे,
२८ जानेवारी १९८६

चि. सौ. सुमेधास आशीर्वाद.

पट्टी निघाली. काळा चष्मा दिला आहे. वाचायला लिहायला अजून मनाई आहे, म्हणून शालूच लिहिते.

डॉक्टरांशी वाद नको. त्यांना उलट निरोप पाठवण्याची आपल्या दुकानाची रीत नाही. आज जे सांगतो ते कर आणि पुढे विचारू नको. खडू, कात, दालचिनीचं पाणी, एवढंच. चौथी वस्तू घालायची नाही. बाटलीवर पूर्वीसारखा नऊ आकडा. निरीक्षकांना वहीतली कृती दाखव, ती डॉक्टरांच्या अक्षरात आहे, त्यांना पुरे होईल. पेज सांगत जा.

अप्पा

(वहिनी, एवढंच सांगून ते उठून गॅलरीत गेले. तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी अफूच्या ओळीशी मला थांबायला सांगितलं आणि पाणी मागितलं. दोन दिवस नीट जेवलेले नाहीत. मी काय झालं विचारलं तर म्हणाले, की तू लिहायचं काम कर. आज सकाळी मुलीच्या दप्तरातून पेन्सिल मागून घेतली आणि उशीखाली ठेवली आहे. मला दिसलं नाही असं त्यांना वाटतं. - शालू)


डोंबिवली पश्चिम,
२ फेब्रुवारी १९८६

ती. अप्पांना सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत ते मी केलेलं नाही. आधी तेवढं लिहिते, कारण बाकीचं लिहिताना हात कचरेल.

सप्टेंबर चौऱ्याऐंशीत कायदा लागू झाला, की नोंदणी झालेल्या फार्मासिस्टखेरीज कुणी चिठ्ठीवरचं औषध करू नये, देऊ नये. तेव्हा तुम्ही मला ट्रंकेतून सर्टिफिकेट काढायला लावलंत. साड्यांच्या खाली होतं, कडा पिवळ्या झाल्या होत्या. तुम्ही ते स्वतः फ्रेम करून आणलंत आणि तुमच्या गल्ल्याच्या वरच्या खिळ्याला लावलंत. मला फार लाजल्यासारखं झालं होतं. चाळीस वर्षं हे काम करणारे तुम्ही, नोंदणी नाही म्हणून मागे उभे, आणि मी पुढे. म्हणून सोळा महिने तुम्ही जे केलंत त्यावर मी सह्या केल्या. नऊ नंबरवरही केल्या, आत काय आहे ते न विचारता. ती माझी चूक. तुमचा मान ठेवला असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे विचारण्याची भीती वाटत होती.

आता वहीत एक आणि बाटलीत दुसरं, आणि खाली माझी सही, हे होणार नाही. सून म्हणून तुम्ही सांगाल ते मी आजवर ऐकलं आहे. पण तुमचीच जागा मला दिलीत, तर तिथे उभं राहून काय करायचं तेही तुम्हीच शिकवलं आहे.

काल मी स्वतः जिना चढून डॉक्टरांकडे गेले. नऊ नंबर आकड्यावर देता येणार नाही, हे त्यांना समोर सांगितलं. ते भडकले नाहीत, त्यापेक्षा वाईट, हसले. म्हणाले, की सूनबाई, तू दुकान सांभाळ, माझं नऊ नंबर मी करीन. आणि मागच्या कपाटातून एक तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली. अफूचा अर्क. जुना, पण बूच घट्ट आहे. एकसष्टची कृती त्यांना तोंडपाठ आहे.

अप्पा, ते खरंच करतील. त्यांना वाटतं आहे की पंचवीस वर्षं कोपर-ठाकुर्लीची मुलं त्यानेच बरी झाली. खाडीवरची मुलं अजून येतच आहेत. मी शनिवारपर्यंत मुदत मागून घेतली, अप्पांचं पत्र येईपर्यंत थांबा म्हटलं. तुमचं नाव घेतल्यावर थांबले. तोवर मी आयांना मीठ-साखरेचं पाणी करून दाखवते, पेज सांगते, आणि लघवी कमी झाली किंवा टाळू खोल गेली तर एक मिनिट न थांबता वर डॉक्टरांकडे न्या म्हणते. काउंटरवर बोलताना मला आता अडखळायला होत नाही. मालूने तर तिच्या शेजारणीला आणून माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, की हिला पण सांग.

सदुसष्टच्या जुलैत काय झालं? शालूवन्संना सांगायचं नसेल तर सांगू नका. तुमच्या उशीखाली पेन्सिल आहे. मोठ्या अक्षरात लिहा, एका कागदावर चार ओळी मावल्या तरी चालतील. डोळ्याला त्रास होईल हे कळतं आहे, तरी सांगते.

या पत्रावर तुम्ही रागवाल. रागासकट आशीर्वाद असू द्या.

सुमेधा


ठाणे,
६ फेब्रुवारी

चि. सुमेधास,

आशीर्वाद. हे मीच लिहितो. शालू बाजारात आहे. ओळी उतरतात, समजून घे. शिवराम हे उद्या दुकानात आणून देईल. जावई आहे, फोडून वाचणार नाही.

डॉक्टरांची मोठी मुलगी तुळसा. एकसष्टच्या उन्हाळ्यात हगवणीने गेली. सव्वा वर्षाची. बाप डॉक्टर असून गेली. पंधरा दिवसांनी त्यांनी मला नऊ नंबर लिहून दिला. म्हणाले, हरिहर, यापुढे आपल्या हातून मूल जायचं नाही. मी करू लागलो. मुलं बरी होत होती.

सदुसष्ट. ठाकुर्लीच्या नामाची मुलगी शेवंती, दहा महिन्यांची. डॉक्टर नाशिकला लग्नाला गेलेले. चिठ्ठी आदल्या दिवशीची. भर दुपारी नामा तिला खांद्यावर टाकून आला. ती झोपली होती आणि उठत नव्हती. मी श्वास मोजले. मिनिटाला सात. बाटली पाहिली. पट्टीप्रमाणे बरोबर तीन डोस गेलेले. आईची चूक नाही. माझी नाही. लिहिलं तेच केलं होतं आणि केलं तेच दिलं होतं.

दुकान उघडं टाकून टांग्याने कल्याणला नेलं. वाटेत तिला चिमटे काढत होतो. नामा माझ्याकडे बघत होता. दिवेलागणीला ती रडली.

दुसऱ्या दिवसापासून अफू बंद केली. औषधातून काही काढलं तर बदल्यात काही द्यायला हवं, म्हणून पेज सांगू लागलो. माझी आई द्यायची.

डॉक्टरांना सांगणार होतो. ते नाशिकहून पेढे घेऊन आले. आपल्या बाकावर बसले. म्हणाले, तुळसाच्या नावाने एवढं एक काम माझ्याकडून झालं, हे नऊ नंबर. मी पेढा खाल्ला. मग कधीच सांगता आलं नाही.

नोंदणीचा फॉर्म मी तीनदा आणला. तुम्ही सगळे आळशी म्हणालात. त्याच्याबरोबर डॉक्टरांचं पत्र जोडायचं होतं, की हा मनुष्य माझ्या सांगण्याप्रमाणे औषध करतो. त्यांनी हसत दिलं असतं. मला मागता आलं नाही.

आता तुला कळलं. ती बाटली त्यांच्याकडून काहीतरी सांगून काढून घे. ते खूप थकले आहेत, अडुसष्ट झाले. त्यांना हे सांगू नको. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे मागतो.

हरिहर


डोंबिवली पश्चिम,
११ फेब्रुवारी १९८६

ती. अप्पांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शिवरामभाऊंनी दिलं. काउंटरच्या खाली बसून वाचलं, कारण समोर गिऱ्हाईक होतं.

तुम्ही मागितलंत ते मी दिलं नाही. डॉक्टरांना सांगितलं.

शुक्रवारची सगळी दुपार मी दुसरा काही मार्ग शोधत होते. बाटली जुनी झाली म्हणावं, कायदा आडवा येतो म्हणावं. त्याने ती एक बाटली गेली असती. पण ते औषध चांगलं होतं हा त्यांचा विश्वास तसाच राहिला असता, आणि उद्या कुठल्या तरी आईला त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ते करवून दिलं असतं. तुम्ही एकोणीस वर्षं त्यांना सांभाळलंत, कारण रोज बाटली तुमच्या हातात होती. माझ्या हातून लपवालपवी होणार नाही, आणि तुमच्यानंतर ती करायला कुणी नसावं असं मला वाटतं.

शनिवारी एक वाजता दवाखाना रिकामा झाल्यावर गेले. दौलतला घरी पाठवायला सांगितलं. तुमचं पत्र दाखवलं नाही, तोंडाने सांगितलं. तुळसाचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. पुढचं सगळं त्यांनी चष्म्याशिवाय ऐकलं. मग फक्त दोन प्रश्न विचारले. ती मुलगी कोण? मी सांगितलं, नामाची शेवंती. ते म्हणाले, की दिवाळीत तिच्या तान्ह्या मुलाला आपण स्वतः नऊ नंबरचा डोस पाजला. दुसरा प्रश्न, श्वास कुणी मोजले. मी म्हटलं, अप्पांनी. त्यावर म्हणाले, की मग सातच असणार.

त्यानंतर मात्र ते रागावले, अप्पा. औषध बदललं याचा राग फार नव्हता. दर पाडव्याला आपण हरिहरच्या पंगतीला बसलो आणि त्याने आपल्याला मूर्ख ठेवलं, याचा होता. मी ऐकून घेतलं. मध्ये एकदाच बोलले. म्हटलं, की त्यांनी नोंदणीचा फॉर्म का भरला नाही ते तुम्हाला ठाऊक आहे का? ते सांगितल्यावर त्यांनी खिडकीकडे तोंड केलं, आणि मला खाली जायला सांगितलं. निघताना ती तपकिरी बाटली माझ्या हातात दिली, कायद्याप्रमाणे हिचं काय करायचं ते कर म्हणाले. मी निरीक्षकांना कळवलं आहे. बाटली सीलबंद करून नोंदवहीत लिहिली आहे.

संध्याकाळी दवाखाना उघडला. पहिला अर्धा तास एकही चिठ्ठी खाली आली नाही. रोगी जिन्यावरून उतरून सरळ स्टेशनकडे जाताना दिसत होते. तुमच्यापासून लपवत नाही, मला वाटलं, की गेलं दुकान. उत्तमला पाळीवरून आल्यावर काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. मग दौलत आला. लहान मुलीची चिठ्ठी होती. त्यावर आकडा नव्हता. खडू इतका, काताचा अर्क इतका, दालचिनीचं पाणी इतकं, सगळं शब्दात, ओळीखाली ओळ. आणि शेवटी, डॉक्टरांच्याच अक्षरात: भाताची पेज, मीठ घालून, वरचेवर.

मी ते औषध केलं, लेबलावर नावं लिहिली, सही केली. सोळा महिन्यांतली पहिली सही, जी करताना मला माझ्याबद्दल चांगलं वाटलं.

रविवारी डॉक्टर स्वतः खाली आले. आपल्या बाकावर बसले नाहीत, काउंटरशी उभे राहिले. आम्ही नवी वही सुरू केली. बारा मिश्रणं, बारा पानं, प्रत्येकावर पूर्ण कृती, खाली त्यांची आणि माझी सही. निरीक्षकांना हीच दाखवायची. अकरा पानं तासाभरात झाली. चार नंबरमध्ये काय काय घालतात ते डॉक्टर विसरले होते, ते मी सांगितलं, आणि त्यांनी मान डोलावली. नवव्या पानावर मी लिहायला लागले तर त्यांनी वहीवर हात ठेवला. म्हणाले, की ही कृती माझी नाही आणि तुझीही नाही. ज्याने केली त्याने लिहावी, मग मी सही करीन. मी विचारलं, की तुम्ही ठाण्याला याल का. नाही म्हणाले. निरोप काही सांगू का? नाही म्हणाले. जाताना मात्र विचारून गेले, की दुसरा डोळा कधी करायचा ठरला आहे.

ते पान कोरं आहे. महिना संपायला सतरा दिवस आहेत. उत्तम येत्या रविवारी वही घेऊन तुमच्याकडे येतो आहे.

तुम्ही काय म्हणाल ते मला इथे बसून ऐकू येतं. डोळ्याच्या डॉक्टरांनी लिहायला मनाई केली आहे म्हणाल, आणि माझ्या डोळ्यांपुढे तुमचं पेन्सिलीचं पत्र आहे. नोंदणी नसलेल्या माणसाचं अक्षर या वहीत चालत नाही म्हणाल. ते खरं आहे, म्हणूनच खाली सही माझी असेल आणि जाब मला विचारतील. तिसरं कारण तुम्ही बोलणार नाही. एवढं लपवून केलेलं काम उघड्या वहीत, तारखेनिशी, खारकर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर मांडायचं, त्यापेक्षा वही तशीच परत पाठवणं तुम्हाला सोपं वाटेल. शालूवन्संना मी आधीच सांगून ठेवलं आहे, की वही कोरी परत आली तरी तुमच्यावर चिडायचं नाही.

तुमचं मागणं मी मोडलं, आणि वर तुमच्याकडेच मागते आहे. तेवढा हक्क तुमच्या लोभानेच दिला आहे, तो काढून घेऊ नका.

नवव्या पानावर तुमच्या हाताने लिहा, अप्पा. काय काढलंत, कोणत्या वर्षी, आणि कुणासाठी.

सुमेधा